परतीचे टाके

अनोळखी बाईच्या मांडीवरचं कापड न विचारता उलटं करून बघणं, हा कुठल्याही देशात आगाऊपणाच म्हणायचा. मी तो केला. नेपरव्हिलला आमच्या लेकाच्या टाउनहाउसच्या ओळीत, आमच्यापासून तिसऱ्या दारात, एक बाई पायरीवर ऊन खात बसली होती. बर्फ नुकतंच सरलेलं, गवत अजून मेल्यासारखं पिवळं. तिच्या डोक्याला रुमाल, अंगात पायघोळ झगा आणि झग्यावर घरातल्या कुणाचं तरी असावं असं भलंमोठं फुगीर जॅकेट. मांडीवर जाड पांढरं सुती कापड, त्यात निळा दोरा. मी पाय मोकळे करायला निघाले होते. माझाही अवतार काही कमी नव्हता म्हणा. साडीवर स्वेटर, स्वेटरवर कोट, पायात सुनेचे जुने बूट. ती मान वर करून हसली. मी वाकले, कापडाचं टोक धरलं आणि उलटं केलं.

उलट बाजू सापडेचना. तीच चांदणी, तीच झाडं, त्याच पायऱ्या दोन्हीकडून. कुठं गाठ नाही, कुठं दोरा मागून उडी मारून गेलेला नाही.

मी तिच्याकडं बघितलं तर ती हसत माझं मनगट घट्ट धरून बसलेली. तिच्या लेकीनं मला नंतर सांगितलं, त्या संध्याकाळी ती घरात आणि फोनवर सगळ्यांना एकच गोष्ट ऐकवत होती. या देशात येऊन इतकी वर्षं झाली, सगळे वरून बघतात, ब्युटिफुल म्हणतात आणि जातात. आज एका बाईनं उलटून बघितलं.

आता मला ते का बघावंसं वाटलं, ते सांगते. आमचं गाव कर्नाटकाच्या सीमेला लागून. शेजारच्या कानडी बायका इरकली साडीच्या पदरावर कशिदा भरायच्या, त्यांच्या शेजारी बसून बसून मी तो उचलला. कुणी मुद्दाम शिकवला नाही. त्यात एक टाका असतो, गवंती म्हणतात. कापडावर आधी काही रेखून घ्यायचं नाही, नुसते धागे मोजायचे. एक टाका घालायचा, एका टाक्याची जागा सोडायची, असं करत नक्षीच्या टोकापर्यंत जायचं. तिथून मागं फिरायचं आणि जाताना सोडलेल्या जागा भरत भरत जिथून निघालो तिथं यायचं. मध्ये फाटा लागला तर त्या फाट्यावर जाऊन, परत येऊन मग पुढं. जाणं सोपं असतं हो. पण जातानाच परतीची वाट डोक्यात धरावी लागते. एक फाटा चुकला की दोरा मध्येच अडकतो, पुढं जाता येत नाही की मागं येता येत नाही. ते जमलं की दोन्ही बाजू सारख्या दिसतात. सात समुद्रांपलीकडं, मेलेल्या गवताच्या कडेला बसून ती बाई अगदी तेच करत होती.

ती मोरोक्कोतल्या फेझ नावाच्या शहरातली. मला लल्ला म्हण, म्हणाली. आपल्याकडं बाई म्हणतात तसं ते मानाचं संबोधन आहे, इतकं मला कळलं. तिला मी ताई म्हणायला शिकवलं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे दुकानातलं आणि डॉक्टरकडचं. पण तिच्याकडं आणखी एक साठा होता, हिंदी सिनेमाचा. तरुणपणी त्यांच्या गावात हिंदी सिनेमे लागायचे आणि बायका पोराबाळांसकट खायचं बांधून घेऊन बघायला जायच्या. त्यातले शब्द तिच्याकडं पडून होते. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिनं विचारलं, "हजबंड?"

मी वर बोट दाखवलं. तिनंही आपलं बोट वर केलं. मग ती म्हणाली, "प्यार?"

"थोडं," मी म्हटलं.

"दुश्मन?"

"ते पण थोडं."

ती इतकी हसली की हातातली किटली तिला खाली ठेवावी लागली. तिचा चहा म्हणजे पुदिन्याचा गोड पाक. किटली हातभर उंच धरून लहानशा काचेच्या पेल्यात धार सोडायची, वर फेस आला पाहिजे. मी म्हणायचे, लल्ला, चहा आहे की अभिषेक. तिला काय कळणार, पण ती मान डोलवायची.

सकाळी मुलगा, सून कामाला आणि नात शाळेला गेली की मी तिच्याकडं जायचे. तिची लेक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, ती उजाडायच्या आतच बाहेर पडलेली असायची. खिडकीजवळच्या टेबलाशी आम्ही दोघी. तिनं मला एक वेगळा चौकोनी तुकडा दिला होता शिकायला. मला वाटलं होतं, मला काय शिकायचंय, मी गवंती भरलेली बाई. पहिली चांदणी पूर्ण करून मोठ्या तोऱ्यात तिच्या हातात दिली. तिनं ती काचेवर उजेडात धरली. आमच्याकडं सुरुवातीचा दोरा पुढच्या टाक्यांखाली दडपून टाकतात. तो उजेडात लगेच दिसला. तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "आवदी."

आवदी म्हणजे पुन्हा कर. तिच्या लहानपणी गल्लीतल्या एका शिक्षिकेच्या घरी पोरी भरतकाम शिकायला बसायच्या, ती शिक्षिका दिवसभर हा एकच शब्द बोलायची म्हणे. मी उसवलं, पुन्हा केलं. आवदी. पुन्हा केलं. आता टाका घट्ट झाला होता. इरकलीच्या पदरावर घट्टच लागतो, इथं कापड मोकळं राहायला पाहिजे. ती माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून म्हणायची, "शवीया, शवीया." हळू, हळू. या वयात कुणी आपल्याला रागवायला असणं यात काय सुख असतं ते मी कसं सांगू. घरात सगळे माझ्याशी जपून बोलतात. आई, तुम्ही बसा, आई, तुम्ही नका करू. ती मात्र सरळ उसवून टाकायची.

तिचं स्वतःचं काम म्हणजे ते पांढरं कापड. टेबलभर मोठं, चारी बाजूंना रुंद किनार आणि मध्ये चांदण्यांचं चक्र. नातीसाठी चाललं होतं. ही नात तिनंच वाढवलेली, कारण लेक नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर शिकून उभी राहीपर्यंत घर म्हाताऱ्या आईनंच ओढलं. नात आता बोस्टनला नोकरी करत होती, पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या घरात अशी रीत की मुलीच्या लग्नात पाहुण्यांना पहिला चहा द्यायचा तो आजीच्या हातच्या कापडावर ठेवून. लेकीच्या लग्नात लल्लाच्या आईचं कापड होतं. आता तिची पाळी.

मी एकदा म्हटलं, कोपऱ्यातली एवढीशी चांदणी मी भरू का. तिनं माझ्या हातावर चापट मारली. "ला, ताई. माय हँड. ओन्ली माय हँड." ला म्हणजे नाही. मग माझा चेहरा बघून समजूत घातल्यासारखं म्हणाली, "युवर गर्ल, यू डू."

माझ्या नातीला मी घरी जाऊन विचारलं की तुझ्या लग्नाला मी कापड भरू का. ती दहा वर्षांची. फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आज्जी, यू कॅन जस्ट बाय इट." ते जाऊ दे.

दिवाळीनंतरची गोष्ट. थंडी सुरू झाली होती. मी फराळाचा डबा घेऊन गेले. शंकरपाळी तिला फार आवडायची, त्यांच्याकडंही तसलाच काहीतरी प्रकार असतो. खाता खाता माझी नजर कापडावर गेली. एका झाडाच्या फांदीवर दोरा गेला होता आणि तिथंच राहिला होता. परत यायची वाट तिनं आधीच बुजवून टाकलेली. मी शिकाऊ असताना माझं व्हायचं तसं. मला वाटलं, डोळे. मी म्हटलं, लल्ला, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तिनं कापड स्वतःकडं ओढून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि स्वतःलाच म्हणाली, "आवदी."

मग असं व्हायला लागलं की मी जायचे तेव्हा ती उसवतच बसलेली असायची. एकदा एका चांदणीला एक हात जास्त आला. एकदा तिनं सगळी सकाळ धागे मोजले, म्हणजे सुईच्या टोकानं एक एक धागा उचलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून, आणि टाका एकही पडला नाही. मी काही बोलले नाही. आपण बोललो की ते खरं होतं, असं काहीतरी माझ्या मनात असावं. आणि मग एके दिवशी, ती आतून पुदिना आणायला उठली तेव्हा, मला गाठ दिसली. कापडाच्या मधोमध, दोऱ्याच्या शेवटाला बांधलेली, चांगली ठसठशीत. तिथं भरतकामात गाठ म्हणजे काय, हे मी सांगायची गरज नाही. तिच्या शिक्षिकेकडं पहिल्या दिवशीच्या पोरीसुद्धा गाठ मारत नसतील. मी कापड पुन्हा होतं तसं घडी घालून ठेवलं आणि चहा प्यायले. त्या दिवशी चहात साखर होती की नव्हती, आठवत नाही.

शनिवारी बर्फ पडलं होतं. तिची लेक ड्राइव्हवेवरचं बर्फ काढत होती. ती मला आंटी म्हणते. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि शब्द जुळवत होते तोवर तीच फावडं रोवून उभी राहिली.

"आंटी, तुम्ही आईबद्दल विचारणार आहात."

मी मान हलवली.

"डॉक्टरांनी सप्टेंबरमध्येच सांगितलं. हे विसरणं आणखी वाढत जाणार. तिला माहीत आहे." ती इंग्रजीत बोलत होती, पण सावकाश, माझ्यासाठी. "तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."

"का?"

"म्हणाली, ती इंडियन बाई लगेच मदत करायला लागेल."

मला हसू आलं आणि मग ते हसू कुठं ठेवावं कळेना. तिच्या लेकीचंही तसंच झालं असावं. तिनं फावडं उचललं आणि नुसतंच एका जागचं बर्फ दुसऱ्या जागी टाकत राहिली.

संक्रांतीच्या सुमारास लल्लानं स्वतःच विषय काढला. तीळगूळ घेऊन गेले होते. ते खाऊन तिनं हात पुसले, कापड टेबलावर पसरलं आणि लेकीला हाक मारली. त्या दिवशी लेक घरी होती. लल्ला अरबीत बरंच बोलली, एकदाही माझ्याकडं न बघता. लेक ऐकत राहिली आणि मग मला म्हणाली, "ती म्हणते, जाता येतं. परत येता येत नाही. तर ती जाईल आणि तुम्ही परत यायचं."

लल्लानं माझं बोट धरून एका ओळीच्या टोकावर ठेवलं, जिथं तिचा दोरा संपला होता. तुटक तुटक ओळ, एक टाका आणि एक रिकामी जागा. त्या रिकाम्या जागा माझ्या.

मी लेकीला म्हटलं, "पण ती म्हणायची, तिचाच हात पाहिजे. दुसऱ्याचा नको."

लेकीनं विचारलं. लल्लानं उत्तर दिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. लेक म्हणाली, "म्हणते, हिचा हात मी माझ्यासारखा करून घेतलाय."

मी बरं म्हटलं. मराठीतच म्हटलं.

तो हिवाळा आम्ही असा काढला. ती पुढं, मी मागून. तिचा टाका बघून मी माझा टाका घालायचे, श्वास धरून, शवीया शवीया, स्वतःलाच बजावत. सुरुवातीला ती एका दमात सबंध झाड पार करायची. मग अर्धं. मग फांदीवर गेली की तिथंच थांबून खिडकीबाहेर बघत राहायची. फेब्रुवारीत तिचं जाणंही चुकायला लागलं. तेव्हा मी कापड संध्याकाळी घरी न्यायला लागले. चुकलेलं उसवायचे, तिचं जाणं भरायचे, मग माझं येणं भरायचे आणि सकाळी परत. तिला वाटायचं, सगळं तिनंच कालच्या कामात केलंय.

माझी सून एकदा बघत उभी राहिली. "आई, म्हणजे तुम्ही तिचं उसवणार आणि परत तेच भरणार. मग ती काय करते?"

"ती बसते," मी म्हटलं. "मला सोबत."

दुसऱ्या दिवशी सुनेनं माझ्या खुर्चीजवळ एक दिवा आणून ठेवला, मान वाकवता येतो तसला. मुलगी बोलते कमी, पण लक्ष असतं तिचं.

लल्लाचं बोलणंही त्याच हिवाळ्यात ओसरत गेलं. आधी इंग्रजी गेलं. मग सिनेमाचे शब्द. त्यातला दुश्मन सगळ्यात शेवटी गेला, का कोण जाणे. मग राहिली नुसती तिची अरबी. ती तिच्या भाषेत बोलायची आणि मी माझ्या. ती काहीतरी लांबलचक सांगून हसली की मीही हसायचे, आणि म्हणायचे, हो ना लल्ला, आमच्याकडंपण असंच. खोटं बोलत नव्हते मी. असेलच की आमच्याकडंपण तसं.

एप्रिलमध्ये कापड पुरं झालं. तिच्या लेकीनं ते धुऊन, उलटसुलट इस्त्री केली, दोन हातांत धरून खिडकीच्या उजेडात उभी राहिली आणि म्हणाली, "आंटी, कुठं तिचं आहे आणि कुठं तुमचं, मला सांगता येत नाही." तेव्हा मला जो आनंद झाला तो मी कुणाला दाखवला नाही. घरी आल्यावर उगाच शिरा केला, वाटीभर तूप घालून. सगळ्यांनी विचारलं, आज काय आहे. मी म्हटलं, काही नाही.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात नात बोस्टनहून यायची होती. लेक तिला आणायला विमानतळावर निघाली तेव्हा मला म्हणाली, आंटी, दोन-तीन तास बसाल का. मी गेले. लल्ला खिडकीशी बसली होती, केस विंचरलेले, अंगात स्वच्छ फिकट झगा. त्या सुमारास ती मला ओळखायची नाही, पण भ्यायची पण नाही. कुणीतरी बरोबरची बाई आहे इतकं तिला वाटायचं. तिच्या लेकीचं म्हणणं, ती मला तिच्या शिक्षिकेकडची कुठली तरी मैत्रीण समजते. कारण मी आले की ती खालच्या आवाजात काहीतरी चुगल्या करायची आणि दाराकडं बघायची, बाई आल्या की काय म्हणून.

टेबलावर ते कापड पातळ कागदात गुंडाळून ठेवलेलं होतं. नातीला दाखवायला. लल्लानं ते ओढलं. मी अडवलं नाही, म्हटलं, बघू दे. तिनं कागद काढला, पसरलं, हात फिरवला. तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. आणि मग तिनं एका ओळीवरून बोट फिरवायला सुरुवात केली, अगदी सावकाश, आणि बोट थांबलं. पुन्हा मागं आलं. पुन्हा पुढं. कापड उचलून तिनं काचेवर धरलं.

माझा टाका तिच्यापेक्षा केसभर घट्ट आहे. कितीही श्वास धरला तरी मनगटातलं गाव जात नाही. तिच्या लेकीला दिसलं नाही, मला दिसलं नाही, इस्त्रीलासुद्धा कळलं नाही. तिच्या बोटाला कळलं. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं, पण हा हात आपला नाही हे ठाऊक होतं.

ती माझ्याकडं वळून बोलली. आवाज घाबरलेला. ज्या पोरीच्या कामात दुसऱ्या कुणी लुडबूड केलीय आणि आता बाई येऊन बघणार आहेत, तिचा असतो तसा. मग तिनं सुई घेतली, उलटी धरली, नेढ्याकडून, आणि उसवायला लागली.

मी तिचं मनगट धरलं. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं गोंधळून, की तू का अडवतेस, तू तर माझ्या बाजूची. मी तिच्या हातातून ते कापड सहज काढून घेऊ शकले असते. कपाटात ठेवलं असतं, तिला चहा दिला असता, घटकाभरानं तिला आठवलंही नसतं. लग्नात ते टेबलावर सजलं असतं आणि सगळे म्हणाले असते, आजीनं बघा काय केलंय. आणि हे तिच्या मनासारखं झालं असतं का, तर तेही झालं असतं, संक्रांतीच्या दिवशीच्या तिच्या मनासारखं. पण माझ्यासमोर बसलेली ती त्या दिवशीची नव्हती. ती त्याच्याही आधीची होती, जी माझ्या हातावर चापट मारून ओन्ली माय हँड म्हणाली होती. दोघींतल्या कुणाचं ऐकायचं? मी मनगट सोडलं.

ती उसवत राहिली. तिला भराभर जमत नव्हतं, कापडाचे धागे ओढले जात होते. फाटेल अशी भीती वाटली. मग तिनं कापडाचं दुसरं टोक माझ्याकडं ढकललं आणि हनुवटीनं खूण केली, चल, हात लाव. मी तिच्या डब्यातली एक सुई घेतली, उलटी धरली आणि माझे टाके काढायला लागले. मला सगळे माहीत होते. कुठल्या दिवशीचा कुठला, बाहेर बर्फ होतं की ऊन होतं, ती काय सांगत होती आणि मी काय उत्तर दिलं होतं. दोघी शेजारी शेजारी बसून उसवत होतो आणि ती मधूनमधून दाराकडं बघून काहीतरी कुजबुजत होती. मी म्हणत होते, हो लल्ला, होतंय, होतंय. माझ्या डोळ्यांतून पाणी कापडावर पडत होतं, ते तिनं बघितलं आणि आपल्या बाहीनं टिपलं. कापडावरचं. माझ्या गालाकडं तिचं लक्ष नव्हतं.

गाडी दारात आली तेव्हा फार थोडं उरलं होतं. नात आत आली, आजीला मिठी मारली, मग टेबलाकडं बघितलं. चांदण्या होत्या, पण तुटक तुटक, एक टाका, एक रिकामी जागा. जिथं फेब्रुवारीनंतर सगळं मीच भरलं होतं, तिथं नुसतं पांढरं. टेबलभर निळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे. लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी हातातली सुई डब्यात ठेवली. लल्लानंच कापड दोन हातांनी उचललं, नातीसमोर धरलं आणि काहीतरी म्हणाली. नात तोंडावर हात ठेवून उभी.

"काय म्हणाली?" मी लेकीला विचारलं.

"म्हणते, आता ठीक आहे."

दोन दिवसांनी लेक माझ्याकडं आली. कापड घेऊनच आली होती. अजून चार दिवस आहेत, म्हणाली, आंटी, तुम्हाला जमेल तेवढं भराल का, निदान मधलं चक्र. तिचंही बरोबर होतं. तिच्या आईचं कापड असं तुटकं टेबलावर घालायचं, कुणालाही वाईट वाटणार. मी ते हातात घेतलं, पुन्हा घडी घातली आणि तिला परत दिलं. मला जमणार नाही म्हटलं. ती रागावली नाही. थोडा वेळ माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि पाणी पिऊन गेली.

लग्नात तेच घातलं. हॉलच्या एका बाजूला टेबल, त्यावर ते कापड, त्यावर चहाचं तबक. पाहुण्यांना वाटलं, तुटक ओळींचीच ती नक्षी असते. बरेच जण वाकून बघत होते, फोटो काढत होते. लल्ला टेबलाजवळच्या खुर्चीत बसली होती. सोनेरी काठाचा झगा, हातावर मेंदी. मी माझी इरकल नेसले होते. चहा घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले, तिनं माझ्या साडीच्या पदराकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि अगदी आदबीनं काहीतरी विचारलं.

लेक शेजारीच होती. तिनं आधी खाली बघितलं, मग मला सांगितलं, "ती विचारतेय, तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या."

"मुलीकडची," मी म्हटलं.

लेकीनं तिला सांगितलं. लल्लानं समाधानानं मान हलवली आणि शेजारच्या खुर्चीवरची तिची पर्स उचलून मला जागा करून दिली. मी बसले.